भैय्याजींनी नापास केलेली शाळा

रोहण्याजवळच्या या गावात रुजू व्हायला मी एसटीतून उतरले, तेव्हा एका माणसाने माझ्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. चोर असता तर परवडला असता, असं पुढे मला कितीदा तरी वाटलं. पण ते भैय्याजी होते. नाल्याकाठी त्यांची वांग्या-टमाट्याची वाडी, आणि शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद, जे त्यांच्याशिवाय गावात कोणालाच नको होतं.

"लगन झालं का मॅडम?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"नाही."

"गाव?"

"सांगलीकडे."

"म्हणजे एक पावसाळा," ते स्वतःशीच पुटपुटले. नवा शिक्षक किती टिकेल, याचा अंदाज ते असा वाटेतच काढत.

मग मला टिकवण्यासाठी त्यांनी काय केलं नाही ते विचारा. खोली स्वतः चुन्याने रंगवली. एप्रिल लागताच घरचा कूलर उचलून माझ्या खिडकीत आणून ठेवला, आणि त्यांची बायको शोभाबाई पदराने वारा घेत बसली. सकाळी मी दात घासायच्या आत दारात मेथीची जुडी हजर. राग यायचा, खरंच यायचा, पण मेथी ताजी असायची. असे तीन पावसाळे गेले. शाळेत दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामीच होती. पहिली ते चौथी, एकोणीस पोरं आणि मी.

गेल्या जानेवारीत आर्वीहून तालुक्याचे साहेब तपासणीला आले. मी निर्धास्त होते. पोरं तयार होती. भैय्याजींची नात गुंजन तर तिसरीत असून आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायची.

"सात आठे किती?" साहेबांनी हर्षितला विचारलं.

"पंचावन," तो ठणकावून म्हणाला.

"महाराष्ट्राची राजधानी?"

"आर्वी!" अख्खा वर्ग ओरडला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चुकीचं उत्तर पोरांना एका सुरात कधी येत नाही. पण मला घाम फुटला होता. शेवटी साहेबांनी गुंजनच्या हातात पुस्तक दिलं. तिने ते उलटं धरलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले वाचता येत नाई."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला: अध्यापनात गांभीर्य नाही. चहा न घेताच ते गेले.

मी खुर्चीवर बसून रडत होते, तेवढ्यात भैय्याजी वांग्यांची पिशवी घेऊन आत आले. चेहरा नुसता खुललेला.

"मॅडम, तुमी वाचल्या! अन् रडून काऊन राह्यल्या?"

मग सगळं बाहेर आलं. माझ्या आधीच्या सरांच्या वेळी पोरांनी साहेबांपुढे धडाधड पाढे म्हटले होते. महिन्याभरात सरांना तालुक्याला बोलावून घेतलं. 'दुसरं कोणी पाठवू' म्हणाले, आणि शाळेला पाच महिने कुलूप राहिलं.

"आमी बियाण्याचं वांगं पानाखाली झाकून ठेवतो मॅडम. दिसलं का कोणी बी तोडून नेते. म्हणून म्या पोरायले आठ दिवस चुकीचं शिकोलं. मोठी मेहनत पडली. गुंजन त आयकेच ना."

"भैय्याजी," माझा आवाज चढला, "हा शेरा माझ्या नोकरीभर माझ्या नावावर राहील. तीन वर्षं काय केलंस म्हणून कोणी विचारलं, तर मी हे पान दाखवायचं?"

त्यांनी शाळेचा विचार केला होता, पोरांचा केला होता. माझा करायचा राहून गेला होता. पिशवी तिथेच ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर नाही. शोभाबाई म्हणाली, "ते त सगळ्या पोरायले घेऊन पहिल्या गाडीनं आर्वीले गेले." मी पुढच्या गाडीने धावले. साहेबांच्या टेबलासमोर एकोणीस पोरं रांगेत उभी होती आणि गुंजन सरकारी परिपत्रक खडाखडा वाचत होती, एकही शब्द न अडखळता. साहेबांनासुद्धा ते तसं वाचता आलं नसतं. हर्षितने न विचारता तेराचा पाढा म्हटला.

"साहेब, खोटं म्या शिकोलं," भैय्याजी हात जोडून म्हणाले. "खरं मॅडमनं शिकोलं. तेच लिवा. मंग नेता त न्या."

साहेब पोट धरून हसले. नवा शेरा लिहिला, चांगला लांबलचक. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, जूनपासून इथे प्रशिक्षणाच्या कामाला या. गावात दुसरं कोणी पाठवू."

भैय्याजींनी मान खाली घातली. मी 'उद्या कळवते' म्हणाले. खोटं कशाला बोलू, आर्वीत राहायचा मोह मला झाला होता.

परतीच्या गाडीत भैय्याजी, मध्ये गुंजन आणि खिडकीशी मी. मग त्यांनीच विचारलं, "मंग कवा जाता मॅडम?"

"जूनमध्ये गुंजन चौथीत जाईल," मी म्हणाले. "तिला सोडून कुठे जाऊ? साहेबांना उद्या नाही म्हणून कळवते."

ते खांद्यावरचा दुपट्टा तोंडाशी धरून पाठमोरे बसले.

"आबाजी, तुमी काऊन रडून राह्यले?" गुंजनने विचारलं.

"चूप बस," ते म्हणाले. "मॅडम नाई जाऊन राह्यल्या."