उघडीवरचा धक्का

धाकट्या भावाची नवी गाडी दारात आली त्या दिवशी आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी पायरीवरून म्हणाले, "एवढ्या बुटक्या गाडीत बसायचं की लोळायचं?" भाऊ हसला. माझं बोलणं मनावर घेणारा माणूस आमच्या घरात कधी जन्मलाच नाही, म्हणून तर माझी जीभ अशी सैल सुटली.

आमचं घर अलिबागच्या खारेपाटात. आजोबांची मिठागरं होती, वडिलांनी ट्रक घेतले, भावाने ट्रेलर. दिवसभर ड्रायव्हर, पंक्चर आणि पोलीस यांच्याशी डोकं लावून झाल्यावर त्याला संध्याकाळी कुठेतरी सुसाट सुटायचं असायचं. त्यासाठी त्याने ही जर्मन गाडी घेतली, सेकंडहँड, पण चकचकीत. ऑटोमॅटिक. हिला क्लचचं पेडल नाही. क्लच आत असतात, दोन, आणि कोणता कधी धरायचा, कधी सोडायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो, एवढं त्यानेच मला शिकवलं. गाडी चालवायलाही त्यानेच शिकवलं. माझं लग्न मोडून मी परत आले होते, तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी मला उपदेश केला आणि याने किल्ली दिली.

कंपनीने तो कॉम्प्युटर शांत माणसांसाठी बसवलेला होता. भाऊ शांत नव्हता. नवी मुंबईत कुणीतरी ट्यूनर गाठून, लॅपटॉप जोडून, त्याने गिअरबॉक्सची सगळी सेटिंग बदलून घेतली. "आता गिअर कधी पडला ते कळत पण नाय, ताई," असं तो महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत होता. हायवेवर ते खरंच होतं. पण हायवे आमच्या दारातून जात नाही. गावातल्या रस्त्यावर, म्हशीमागून, ट्रॅक्टरमागून सावकाश जायची वेळ आली की ती गाडी फुगून बसायची. स्पीडब्रेकर ओलांडून अॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच नाही, बहिऱ्याला हाक मारावी तसं. मग एकदम आठवण झाल्यासारखी उसळायची आणि पाठीत धक्का द्यायची.

आमच्या गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी खाडीच्या बांधावर चढतो. तिथे उघडी आहे. उघडी म्हणजे बांधातलं दार, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडणारं आणि भरतीचं खारं पाणी बाहेर अडवणारं. उघडीच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर, आणि लगेच चढ. गाडी हळू करा, दाबा, वाट बघा, धक्का. त्या जागी हमखास. "इथं लाथ मारते बघ ती," भाऊ म्हणायचा, कौतुकाने. लेकराच्या खोड्या सांगाव्यात तसं.

दोन वर्षांपूर्वी अवसेच्या उधाणाला त्याच उघडीशेजारी बांधाला खांड पडली. खांड पडली की गावात कुणी कुणाला बोलवायला जात नाही. जो असेल तो मातीच्या गोण्या घेऊन धावतो, कारण खारं पाणी शेतात शिरलं की जमीन पुढची कित्येक वर्षं रुसते. भाऊ गाडी घेऊनच गेला. गोण्या टाकताना पायाखालची माती सरकली, आणि पाण्याने त्याला उघडीच्या दाराशी ओढलं.

मी कोर्टातल्या माझ्या नोकरीवरून पोचले तेव्हा बांधावर सगळा गाव होता आणि मधोमध गाडी उभी होती. इंजिन चालू, एसी चालू, दार उघडं. तो एका मिनिटासाठी उतरला असावा तसं. ती बंद कशी करायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिला किल्ली फिरवायची जागाच नव्हती. मी आत वाकून बटण दाबलं. इंजिनाचा आवाज थांबला, आणि मग मला आईचा आवाज ऐकू आला.

दहाव्याला कावळा शिवेना. आमच्यात बायका फारशा तिथे जात नाहीत, पण आई हटून आली होती. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग उरलेल्यांनी एकेक शब्द देत जायचं. काकांनी शब्द दिला, ट्रेलरचा धंदा नीट चालवू. मामांनी दिला, आईला सांभाळू. मीही काहीतरी पुटपुटले. कावळे शेवग्यावर बसून माना वाकड्या करत होते. शेवटी आई पुढे झाली आणि मोठ्याने म्हणाली, "तुजी गाडी हाय तशी ठेवीन. विकनार नाय, कुनाला तिच्यात हात घालू देनार नाय." आणि कावळा खाली आला.

मी दिवसभर कोर्टात लोकांच्या जबान्या टाइप करते. लोक शपथेवर काय काय बोलतात ते माझ्या बोटांना पाठ आहे. त्यामुळे कावळ्याची साक्ष मी कशी मानणार? तेवढ्यात सगळे दोन पावलं मागे सरले होते म्हणून तो उतरला, असं मी घरी येऊन म्हटलंही. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. पण शब्द दिला तो दिला, गाडी दारात राहिली, आणि चालवणारी मीच.

त्यानंतर आईच्या डोळ्यांचं निघालं. सगळं धूसर दिसायला लागलं, आणि तिला इंजेक्शनांसाठी अलिबागला न्यावं लागायचं. पहिल्याच खेपेला, स्पीडब्रेकर गेला, मी दाबलं, गाडी क्षणभर गप्प राहिली आणि पाठीत धक्का बसला. आई सीटला टेकली. तिला बाहेरची उघडी दिसत नव्हती, बांध दिसत नव्हता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आला गो."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू.

मग ते ठरूनच गेलं. जाताना धक्का बसला की आई त्याला सांगायची, आज कोळंबी केलीय, तुला आवडते तशी, बटाटा घालून. येताना धक्का बसला की विचारायची, "जेवलास का रं?" इतर वेळी ती घरात दगडासारखी बसून असायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की मात्र सकाळपासून न्हाऊन, नवं लुगडं नेसून तयार.

मी तिला दोन क्लच समजावून सांगितले. गाडी हळू झाली की गिअरबॉक्स खालचा गिअर शोधत असतो, त्याच वेळी आपण दाबतो, ट्यूनिंगमुळे तो क्लच हळूच न धरता करकचून धरतो, म्हणून धक्का. आई शांतपणे ऐकून म्हणाली, "त्या कॉम्प्युटरला काय ठावं माजा पोर हितं गेला ते?"

मी एकटी असताना पुरावा गोळा करायचे. वेग कमी न करता स्पीडब्रेकरवरून गेले, धक्का नाही. अगदी थांबून निघाले, बारीकसा. म्हणजे यंत्रच. माझी खात्री होती. तरी कोर्टातून परतताना बांध दिसायला लागला की हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. एकदा मी सगळं नीट जपून केलं, आणि तरीही तो बसला, उशिराने, पाठीवर कुणी पंजा ठेवून ढकलावं तसा. घरी आले तर गाडीखालून जळका वास येत होता.

ट्यूनरला फोन लावला. "ताई, परफॉर्मन्स गाडी है, थोडा जर्क तो देगी," तो म्हणाला. "घोडा है, गाय नहीं." मी त्याला म्हटलं, घोडा असेल तर तुझ्या दारात बांध, आमच्याकडे म्हातारं माणूस बसतं त्याच्यावर. तेव्हा जरा जमिनीवर आला. क्लच तापत असतील, म्हणाला, हळू चालवून आणि चढावर रेंगाळून. कंपनीची मूळ सेटिंग परत टाकतो, बॉक्सने आजवर शिकलेलं सगळं पुसतो, एकदम मख्खन होईल. आई शेजारीच बसली होती. तिने "पुसतो" एवढंच ऐकलं. "हात लावायचा नाय," म्हणाली. "शब्द दिलाय मी."

आणि मीही गप्प बसले. दर खेपेला तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी बघत होते ना.

गेल्या हिवाळ्यात आईला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, दिघीला. आगरदांड्याला पोचलो तर फेरीसाठी रांग. ओहोटी होती, जेटीचा उतार लांबलचक, आणि गाड्या इंच-इंच सरकत होत्या. मला तो जळका वास यायला लागला. आमची पाळी आली. फेरीवरचा माणूस हात हलवून "या, या, या" करत होता. पुढची चाकं रॅम्पवर चढली आणि मी दाबलं. काही नाही. गाडी उलट मागे घरंगळायला लागली. मागे दुसरी गाडी, खाली पाणी. घाबरून मी जास्त दाबलं, आणि ती उसळली.

समोर एक मोटारसायकल उभी होती. तिच्या मागच्या दिव्याला हात लावून एक लहान मुलगी खेळत होती. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मला बॉनेटच्या कडेवर त्या पोरीची फक्त वेणीची रिबन दिसत होती. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. तिच्या बापाने मला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या मला लागू होत्या.

"काय झालं गो? काय झालं?" आई विचारत होती. तिला काहीच दिसलं नव्हतं.

मला तिचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुझ्या पोराने आत्ता दुसऱ्याचं पोर मारलं असतं."

आई दार उघडून चाचपडत उतरली, गाडीला धरून धरून पुढे गेली आणि त्या पोरीचं डोकं, कान, खांदे हाताने तपासले. फेरी सुटली तरी ती तशीच उभी होती, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. पोरीची आई आधी रागाने बघत होती, मग तिनेच आईला धरून बाकावर बसवलं.

परतताना मी एकेक चढ देवाचं नाव घेत चढले. उघडीच्या अलीकडे आई म्हणाली, "थांबव." बहिणीकडून तिने पानावर भात आणला होता, वर माशाचा तुकडा. तो तिने बांधावरच्या दगडावर ठेवला. वारा होता, तरी मला तिचं बोलणं ऐकू आलं. "दिलेला शब्द मोडते रं. रागावायचं तर माज्यावर रागव. पोराबाळांवर नको." मग येऊन बसली. "चल. मागं बघू नको."

असं काही ठेवून निघालं की मागे बघायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी मागे बघितलं नाही. आरशातसुद्धा नाही. त्या भाताला कावळा शिवला की नाही ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

ट्यूनरने मूळ सेटिंग परत टाकली, क्लचही बदलावे लागले. गाडी खरंच मख्खन झाली. पुढच्या खेपेला स्पीडब्रेकर गेला, चढ गेला, उघडी मागे पडली, आणि काहीच झालं नाही. आई दाराच्या वरची कडी धरून, ताठ बसली होती. अलिबाग येईपर्यंत तिने ती सोडली नाही.

मला ते बघवेना. म्हणून त्याच्या पुढच्या खेपेपासून मी उघडीपाशी पायाने हिसका द्यायला लागले. जरासा ब्रेक, लगेच अॅक्सिलरेटर. गाडी हलायची, आई हलायची. ती काही म्हणायची नाही. कोळंबीचं नाही, जेवल्याचं नाही. मला वाटलं, हिसका कमी पडतोय, आणि मी अजून जोरात द्यायला लागले.

परवा तिने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बाय, ह्ये तू करतंस ना?"

मी म्हटलं, गाडीच आहे तशी.

"त्याचा धक्का पाठीत यायचा," ती म्हणाली. "तुजा पुढं पाडतो." मग अगदी मायेने, "मी त्याला सोडला गो त्या दिवशी, भात ठेवला तवा. तू कशाला धरून ठेवलंस?"

मी बांधावरच गाडी कडेला घेतली आणि बटण दाबलं. इंजिनाचा आवाज थांबला, आणि मग जो रडण्याचा आवाज ऐकू आला तो आईचा नव्हता.