एक जास्तीचं गुणसूत्र

वीस वर्षं मी पुण्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचं विभाजन आणि त्यातली गुणसूत्रं पाहतेय. मागच्या वर्षी जामखेडला धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात आला. पेशीपेशीत एक गुणसूत्र जास्त होतं. बाळ सावकाश वाढेल, सावकाश शिकेल, असं मी बहिणीला जमेल तसं सांगितलं.

ती म्हणाली, "आक्का, एकच जास्तीचं हाय ना? मग काढून टाक की."

"तसं नाही गं काढता येत."

"मग इतकी वर्षं तू तिथं करतीस तरी काय?"

तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून रडू लागली. मी बाळाच्या मुठीत बोट दिलं. पकड सैल होती. का, तेही मला ठाऊक होतं.