कापायचा राहिलेला टॉप

ये गो, अशी जवळ बस. आणि आधी तुझा कान पकडू दे. परवा देवळातल्या हळदीकुंकवाला चारचौघींत काय बोलून बसलीस? "प्राचीने एवढं करूनही मावशींनी तिला तोडलं नाही, त्याला मोठं मन लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सुलभा तिथेच तिळगूळ वाटत होती, तिने मान खाली घातली. आईच ती प्राचीची. आणि मी? मी पदर सावरला आणि गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याचंच सांगायचंय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही — लेकीला नाही, आमचे हे होते तेव्हा त्यांनाही नाही. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण पहिल्यापासून सांगते. नाहीतर मी मध्येच कुठेतरी पळ काढीन.

अलिबागेत ते तरण्या पोरापोरींच्या कपड्यांचं दुकान आलं, मोठ्या कंपनीचं, आठवतं ना? गाणी एवढ्या मोठ्याने की छातीत धडधडावं. आयुष्यभर मी घरी ब्लाउज शिवले, तिथे मला पँटा खालून दुमडून द्यायला आणि ट्रायल रूमपाशी उभं राहायला ठेवलं. पहिल्याच दिवशी एका पँटचा गुडघा फाटलेला दिसला, म्हणून मी शिवायला घेतला. पोरं हसून लोळली. "मावशी, ती तशीच विकायची असते!" मीही हसले. बरं चाललं होतं गो.

पण मागे एक खोली होती. दर थोड्या दिवसांनी नवा माल यायचा आणि जुना — जुना म्हणजे काय, दोन-तीन महिन्यांचा — स्वस्त करूनही गेला नाही की त्या खोलीत यायचा. तिथे तो कापायचा. हो, कापायचा. नवाकोरा. कुणी फुकट घालू नये, कंपनीचं नाव उतरू नये, म्हणून. कात्रीचा हात माझा, तेव्हा काम मलाच. पाठीतून एक चीर, पोटातून एक चीर, आणि गोणीत. शिवणाऱ्या बाईने हे कसं करावं? करत होते. पगार घेत होते आणि करत होते.

त्यातला एक टॉप कापवेना. कोकमाच्या सरबताचा रंग, गळ्याशी बारीक चुण्या. चोरी पकडायला लावतात ते वरचं मोठं बटण काढलं आणि टॉप डब्याच्या पिशवीत घालून मागच्या दाराने नेला. शेजारच्या ह्या प्राचीला दिला. "विकत आणलाय गो, आम्हाला स्वस्त पडतो." पोरगी आरशासमोरून हलेना.

चोरीच ती. पण मला सांगायचंय ते हे नव्हे — हे त्यामानाने बारीक आहे.

प्राची बारावी झाली. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं, रोह्याकडचं स्थळ होतं. तिला नको होतं. शेवटी बाप म्हणाला, नोकरी लागली तर थांबू. तेव्हाच आमच्या दुकानात मुली हव्या होत्या. मीच तिला म्हटलं, ये. आणि मीच म्हटलं — हे नीट ऐक — आपल्याच दुकानाचं घालून ये, त्यांना आवडतं.

ती तोच टॉप घालून आली.

दारात पाऊल टाकलं आणि दारातले खांब बोंबलायला लागले. शिवणीत एक पट्टी असते गो, बिलाच्या वेळी यंत्रावर फिरवली की ती मरते. मी वरचं बटण काढलं होतं. पट्टी विसरले. हजार कपड्यांच्या शिवणी बघणारी मी, शिवणच बघितली नाही.

दारावरचा माणूस म्हणाला, "वा! चोरी घालूनच आलीस होय दाखवायला?" मॅनेजर आला, माझ्या धाकट्यापेक्षाही लहान पोरगा, कानात बाळी. त्याने तिच्या मानेपाशी, टॉपच्या लेबलावर यंत्र धरलं. म्हणाला, "हा तर कापायला गेलेला माल." आणि माझ्याकडे वळला. "मावशी, हा बाहेर कसा गेला?"

प्राची माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती बघ. तिला वाटत होतं, मावशी आहेत, आता बोलतील.

मी म्हटलं, "मी सगळं कापते, सर. एकही सोडत नाही. हिला मी काही दिलेलं नाही."

किती सहज आलं तोंडातून! आधी ठरवलेलं असावं तसं.

तिने माझं नाव घेतलं नाही. म्हणाली, "रस्त्यावर घेतला." मॅनेजर म्हणाला, पोलीस नको, टॉप काढून दे आणि जा. तिला माझ्याच ट्रायल रूममध्ये पाठवलं. दाराच्या वरून तिने टॉप माझ्या हातात दिला, अंगाची ऊब होती त्याला. मॅनेजर समोरच उभा. "कापून टाका." आणि मी तिथेच, दाराबाहेर, कापला. ती आत उभी. कात्रीचा आवाज तिने ऐकला असेल ना? गाणी मोठी होती. पण ऐकला असेल.

अंगात घालायला तिला सेलच्या वेळचा एक टी-शर्ट दिला, पाठीवर 'सगळं अर्ध्या किमतीत' छापलेला. तोच घालून पोरगी एसटीने घरी गेली.

इथेच थांबले असते तरी काही होतं. संध्याकाळी सुलभा रडत आली. "मावशी, माझ्या पोरीनं चोरी केली व्हय? ती काय बोलतच न्हाय." आणि मी काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "पोरवय आहे गो, मोह होतो. मी नाही मनात धरणार."

मी. मनात. नाही धरणार.

त्याच वर्षी प्राचीचं लग्न झालं, रोह्याला. त्या हळदीत मी पुढे होऊन राबले आणि गावाने म्हटलं, मावशींचं मन मोठं. ते तुझ्या तोंडात अजून आहे.

सणाला माहेरी येते ती. माझ्या ओटीसमोरून जाताना विचारते, "मावशी, बऱ्या ना?" टोमणा नसतो त्यात, मी फार शोधला. पण पायरी चढत नाही. तिने आईला का सांगितलं नाही? मी विचारलेलं नाही. विचारायला तोंड लागतं.

सुलभाला सांगायचं म्हणून दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा सुकट मागून परत आले. तिने वाटी शिगोशीग भरून दिली. आता पुन्हा जाईन म्हणते. जाईनच, असं तुझ्यासमोर म्हणायची मला लाज वाटते.

बस, एवढंच होतं. माझ्यासाठी काही बोलू नकोस, चांगलं तर नकोच नको. पण लवकर ये गो पुन्हा, या आठवड्यातच ये. आता तुला ठाऊक आहे, कुणाच्या घरी येतेस ते.