दोन शिंगांवरचा झेंडू

मला अभिमान लपवता येत नाही. ही खोड आमच्या घराण्यातच आहे. बाबांच्या मळ्यातलं एखादं वांगं जरा तुकतुकीत निघालं तरी ते अकोल्याच्या बाजारात चार ओळखीच्यांना हातात घेऊन दाखवतात. त्यांची पोरगी विमान चालवते म्हटल्यावर काय होत असेल, ते तुम्हीच समजून घ्या. बार्शीटाकळीच्या एसटीतले कंडक्टरसुद्धा मला माझ्या हुद्द्याने ओळखतात. आमची शेती भाजीपाल्याची आणि फुलांची. दसरा-दिवाळीला झेंडू, बाकी वर्षभर वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या मातीतून उठून मी एका कंपनीच्या छोट्या जेट विमानाची सहवैमानिक झाले, आणि ज्या प्रसंगाबद्दल लिहायला बसले आहे त्या आठवड्यात मी कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावर होते. आमच्या कॅप्टनसाहेबांची शिफारस तेवढी बाकी होती. ते शिस्तीचे, कमी बोलणारे, आणि कुणाचीही उगीच पाठ न थोपटणारे गृहस्थ. त्यांनी शिफारस केली की कॅप्टनची डावी खुर्ची माझी होती.

त्या आठवड्यात आम्ही कंपनीच्या मालकांना एका लग्नासाठी अमरावतीला घेऊन आलो होतो. सकाळी उतरलो, दुपारी मुंबईला परत निघायचं होतं. मालक मोकळ्या स्वभावाचे. माझं गाव जवळ आहे कळल्यावर त्यांनी स्वतः शब्द टाकला, रीतसर अर्ज झाला, आणि बाबांना विमानाजवळ यायची परवानगी मिळाली. बाबा पहाटेच निघाले असणार. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात ती नेहमीची कापडी पिशवी.

आमचं विमान आठ माणसांचं. बाबांनी आधी त्याला एक पूर्ण चक्कर मारली, बैलबाजारात जोडी पाहतात तशी. पंखाखाली वाकले, चाकाला हात लावला. मग नाकापाशी येऊन थांबले. नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बोटभर जाडीची नळी पुढे आलेली असते. तिच्यावरची लाल टोपी मी तेव्हाच काढून ठेवली होती, कारण उडण्याआधीची माझी तपासणी नुकतीच आटोपली होती.

"हे शिंगं कायचे आहेत व?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं की समोरून येणारा वारा या नळ्यांत शिरतो आणि त्याच्या जोरावरून आपण किती वेगात चाललो ते आत पडद्यावर दिसतं.

"मंग तं हेच मेन चीज हाय."

"हाव बाबा. हेच."

एवढं बोलून मी पायऱ्या चढून आत गेले. त्यांनी मायने दिलेला डबा दिला होता, तो ठेवायचा होता. दोन मिनिटं लागली असतील. बाहेर येऊन पाहते तर विमानाच्या दोन्ही नळ्यांच्या टोकांवर एकेक टपोरा झेंडू. पोळ्याला बैलाच्या शिंगांच्या टोकांवर बाबा असेच झेंडू खोचतात. देठ तोडून, मधे बोटाने भोक पाडून, पक्कं दाबून. बैल मान हलवतो, म्हणून दाबावं लागतं.

मला हसू आवरेना. "बाबा, दोन्हीकडे?"

"जोडी हाय ना. एकाले घालून दुसऱ्याले तसंच ठेवलं तं रुसते."

मी खिशातून मोबाइल काढला आणि फोटो घेतला. फोटोत बाबा नाकापाशी ताठ उभे आहेत, एक हात विमानावर, जणू जोडी त्यांनीच बाजारातून आणली आहे. मग मी दोन्ही फुलं ओढून काढली, त्यांच्या पिशवीत टाकली, पाया पडले. तेवढ्यात मालकांची गाडी आली. कॅप्टनसाहेबांनी आतून हाक दिली. फुलं काढल्यावर नळीत डोळा घालून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. तपासणी तर झालीच होती, असं माझ्या डोक्यात होतं, आणि फूल तपासणीनंतर खोचलं गेलं हे डोक्यात नव्हतं.

तो प्रवास चालवायचा मान माझ्याकडे होता. म्हणजे उजव्या खुर्चीत बसून विमान मी उडवणार, कॅप्टनसाहेब डावीकडे बसून बाकीचं पाहणार. धावपट्टीवर वेग घेताना दोघांच्या पडद्यांवरचे आकडे जुळले. आम्ही मोठ्याने म्हणून ते ताडून पाहतो. चाकं उचलली, खाली काळी शेतं मागे पडली, आणि भरून आलेल्या आभाळात आम्ही शिरलो.

ढगात शिरून मिनिट झालं नसेल. माझ्या पडद्यावरचा वेग उतरू लागला. विमान तसंच होतं, इंजिनाचा आवाज तसाच, आणि आकडा मात्र झरझर खाली. त्याच वेळी डावीकडे वेग वाढत चालल्याचा इशारा कडकडायला लागला.

"वेग फार वाढतोय, नाक वर घे," कॅप्टनसाहेब म्हणाले.

माझा पडदा सांगत होता की वेग संपत आला, नाक खाली कर. त्यांचा पडदा सांगत होता की वेग फार झाला, नाक वर कर. मधे एक तिसरं छोटं यंत्र असतं, पण आमच्या विमानात त्याला वारा उजव्या नळीतूनच मिळतो, त्यामुळे तेही माझ्याच पडद्याची री ओढत होतं. खरंच वेग कमी असेल आणि मी नाक वर घेतलं, तर पंखांना हवेचा आधार उरत नाही. खरंच वेग जास्त असेल आणि मी नाक खाली घातलं, तर विमान त्याला सोसवेल त्यापलीकडे धावतं. मागे पाच माणसं बसलेली, खिडक्यांबाहेर पांढरा ढग, बाकी काही दिसत नाही.

मी म्हणाले, "सर, नाक हललं नाही, ताकद हलली नाही. दोन्ही आकडे खोटे आहेत. ऑटोपायलट काढते."

त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या. मग म्हणाले, "बरोबर. विमान तुझ्याकडे. बोल."

आणि मी बोलत गेले. ऑटोपायलट बंद. रस्ता दाखवणाऱ्या खुणा पडद्यावरून बंद, कारण त्याही खोट्या वेगावर चालतात. नाक दहा अंशांवर. इंजिनाची ताकद चढाईची, जिथे होती तिथेच. एवढंच. वेग कळत नसला तरी विमान तेच असतं. नाकाचा कोन ठरावीक ठेवला आणि इंजिनाला ठरावीक ताकद दिली की ते ठरावीक वेगानेच जातं, त्याला दुसरा इलाज नसतो. कोणत्या वेळी कोन किती आणि ताकद किती, याचा तक्ता असतो. पहिल्या दोन ओळी पाठ असाव्या लागतात, बाकीचा कॅप्टनसाहेबांनी काढून वाचायला घेतला. कर्कश इशारा डोक्यावर वाजतच होता. हात मात्र हलला नाही. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी इथे सरळ लिहून टाकते.

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट पसरली आहे की बाबांच्या टेम्पोने मला वाचवलं. त्या टेम्पोचा वेगाचा काटा मी शाळेत असल्यापासून चाळिसावर अडकलेला आहे, बाबा आवाजावर आणि गिअरवर गाडी हाकतात, आणि मी गाडी शिकले ती त्यावरच. हे सगळं खरं आहे. पण वाचवलं ते सरावाने. जमिनीवरच्या खोट्या विमानात बसून शिक्षकाने माझे वेगाचे आकडे पन्नास वेळा तरी घालवले असतील, आणि पहिल्या पाच वेळा मी चुकले होते. टेम्पोने एवढंच केलं की काटा मेला म्हणून गाडी मरत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

ढगांच्या वर निघालो तेव्हा ऊन लखलखत होतं. विमान सरळ केलं, तक्त्यातला पुढचा कोन, पुढची ताकद. उपग्रहावरून जमिनीवरचा वेग दिसतो, वाऱ्याचा हिशोब धरून तो जवळपास जुळला. कॅप्टनसाहेबांनी नागपूरला उतरत असल्याचं कळवलं, कारण तिथली धावपट्टी लांब. नागपूरच्या कंट्रोलमधल्या माणसाने शांतपणे आमचा वेग रडारवरून वाचून सांगत नेलं. मालकांना सांगितलं की थोडी दुरुस्ती आहे. ते म्हणाले, संत्री घेऊन जाऊ मग.

उतरताना तक्त्यातली शेवटची ओळ. चाकं खाली, पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली, नाक अडीच अंश, ताकद अमुक. धावपट्टी समोर मोठी होत गेली आणि चाकं इतकी अलगद टेकली की मागे कुणाला कळलंही नाही. थांबल्यावर कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान." तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग आम्ही खाली उतरलो. नागपूरचे इंजिनिअर टॉर्च घेऊन एकेका नळीत डोकावले. या नळ्या आतून तापतात, बर्फ धरू नये म्हणून. तापलेल्या दोन्ही नळ्यांत काहीतरी मऊ होऊन चिकटलं होतं, त्यावर ढगातलं पाणी बसलं आणि वाट बुजली. उजवीचं फक्त समोरचं तोंड बुजलं म्हणून माझा आकडा उतरला, डावीचं पाणी निघायचं भोकही बुजलं म्हणून वर चढताना त्यांचा आकडा वाढत गेला. त्यांनी बारीक चिमट्याने काळपट लगदा बाहेर काढला.

"कुंभारमाशीचं घर असावं," ते म्हणाले. "उभ्या विमानात करतात माश्या. आठ दिवसांपूर्वी एकाचं असंच झालं होतं."

कॅप्टनसाहेबांनी मान हलवली. कागदावर माशी लिहिली जाणार होती. माशीला कुणी जाब विचारत नाही. दोन दिवसांनी शिफारस होती, आणि आत्ताच त्यांनी मला छान म्हटलं होतं. मी त्या लगद्याकडे पाहिलं. काळ्याच्या आत एक धागा पिवळा राहिला होता.

खरं सांगायचं तर गप्प बसावंसं वाटलं. माझ्यासाठी कमी, बाबांसाठी जास्त. त्यांनी इतक्या प्रेमाने खोचलेलं फूल मी सरकारी कागदावर अपराधी म्हणून कसं लिहू? आणि त्याच वेळी स्वतःचा रागही आला. उद्या दुसऱ्या कुणाचं तरी पोर आपल्या विमानावर असंच फूल खोचू देईल, आणि त्याला सावध करायला कागदावर फक्त माशी असेल.

"सर, झेंडू आहे," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी लावला होता. मी काढला, पण आत पाहिलं नाही. चूक माझी आहे." आणि मोबाइल काढून फोटो दाखवला.

कॅप्टनसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. मग एवढंच म्हणाले, "अहवालाला जोड."

शिफारस अर्थातच थांबली. सहा महिने पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. तेही योग्यच होतं. अवघड काम होतं बाबांना सांगायचं. दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी फोन केला आणि मधेच रडायला लागले.

"काहून रडून रायली? लोकं बरे आहेत ना सगळे?"

"हाव."

"खरं लिहून देलं?"

"हाव. पण बाबा, तुमचं नाव नाही घातलं. चूक माझी होती."

ते म्हणाले, "चूक तुही. फूल माहं. माहं बी नाव लिहा लागते."

मी अहवालात त्यांचं नाव घातलं. त्यांना खरंच बरं वाटलं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. शिफारसपत्रावर कॅप्टनसाहेबांनी दोन ओळी लिहिल्या, पैकी एक उड्डाणाबद्दल होती आणि एक त्या फोटोबद्दल. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या चढल्या. त्यानंतर लवकरच पुन्हा अमरावतीचं काम निघालं, पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी, आणि बाबा पुन्हा पिशवी घेऊन हजर.

या वेळी ते विमानापासून दहा पावलं दूरच थांबले. हात मागे बांधलेले. मी लाल टोप्या काढल्या, दोन्ही नळ्यांत टॉर्च मारून पाहिलं आणि त्यांना बोलावलं. ते आले, एक डोळा मिटून आधी डाव्या नळीत पाहिलं, मग पलीकडे जाऊन उजव्या नळीत. हात लावला नाही.

"साफ हाय दोन्ही," ते म्हणाले.

त्यांची पिशवी मात्र फुगलेली होती आणि नजर तिच्याकडे जात होती. इतक्या लांबून आणलेलं तसंच परत न्यायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आणले आहेत ना?" मी विचारलं. "मग लावा. इथं." आणि मी माझे खांदे दाखवले.

त्यांनी पिशवीत हात घातला. देठ आधीच तोडून आणले होते. पट्ट्यांखालच्या फटीत त्यांनी एक टपोरा झेंडू खोचला, उजव्या खांद्यावर, पक्का दाबून. मालक पायऱ्यांवर उभे राहून पाहत होते, मला लाज वाटली नाही. मी जरा वळले आणि डावा खांदा पुढे केला.