बाईंची बंदूक

"थांबा हं, एकदा परत बघून येते." शाळा सुटली की आमच्या भूगोलाच्या बाई असं म्हणायच्या आणि कुलूप लावलेल्या वर्गाकडे परत जायच्या. रस्ता ओलांडताना माझं मनगट इतकं घट्ट धरायच्या की बांगडीचा वळ उठे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी घाबरट बाई असेल. आम्ही बाकीच्या शिक्षिका त्यांना हसायचो. त्याही हसायच्या.

बाई पुण्याजवळच्या वारज्याच्या, शेतकरी घरातल्या. शेतांत इमारती उभ्या राहू लागल्या आणि बांधावरून चुलतभावांशी त्यांच्या घरच्यांचं भांडण पेटलं. अशातच वडील वारले. रानडुकरं हाकलायला वापरत असलेली दुनळी बंदूक त्यांनी मुलाला न देता बाईंच्या नावावर करायला सांगितली होती. "भाऊ तापट आहे ना," बाई म्हणाल्या. रीतसर परवाना झाला, बंदूक त्यांच्या कपाटात आली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "घरात कुणीतरी न बोलता बसलंय असं वाटतं हो."

बंदूक गंजली होती. नळ्यांना नवा काळा रंग चढवायचा, लाकडी दस्त्याला पॉलिश करायचं, असा भावाने हट्ट धरला. "आबांची आठवण हाय ती. अशी कुजत ठेवायची का?" हे बाईंना खोडता येईना. वडिलांची वस्तू खराब होतेय, याचं त्यांनाही वाईट वाटत होतं.

शेवटी एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर लष्कर भागातल्या बंदुकीच्या दुकानात गेले. रिक्षात आम्हा दोघींच्या मध्ये बंदूक, खोळीत घातलेली. खड्डा आला की बाई डोळे मिटून घेत.

"अहो, रिकामी आहे ना?" मी विचारलं.

"कितीदा तरी पाहिलंय. तरी भीती वाटते."

दुकानदाराने बंदूक बिजागरीतून उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. "बाहेरून नवीकोरी करून देतो. पण आत गंजाने खड्डे पडलेत. हिच्यातून बार काढू नका, नळी फुटेल. शोभेला ठेवा."

"नवी दिसायला लागली, तर आतलं कुणाला कळेल?" बाईंनी विचारलं.

"आत बघेल त्यालाच."

बाईंचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ आत बघणार नाही. चकचकीत दिसली की उचलेल." मग दुकानदाराला म्हणाल्या, "आपण ती इथेच जमा करून घ्या. पॉलिशचं मी ठरवून सांगते."

पावसाळा सरल्यावर चुलतभावांनी बांधावर जेसीबी घातला. पुढचं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. भाऊ धावत घरात आला, कपाट उघडलं, सगळं उपसलं.

"बंदूक कुठंय ताई?"

"दुकानात आहे."

"पॉलिश झालं नाही अजून?"

"करायचं की नाही, ते ठरलं नाही."

त्याने बाईंवर हात उगारला. बाई दारातून हलल्या नाहीत. "धीर वगैरे काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पायच उचलेनात." शेवटी त्याने हात खाली घेतला आणि तो उंबऱ्यावर बसून राहिला. बांध गेला, दावा कोर्टात गेला, पण बंदूक कुणावर चालली नाही.

पुढे दर दिवाळीला भाऊ विचारी आणि बाई सांगत, "अजून ठरत नाही रे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. दिवस झाल्यावर त्यांच्या भावाचा फोन आला.

"म्याडम, ताईची बंदूक कुठल्या दुकानात हाय, तुम्हाला ठाऊक असंल."

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"मला नको सांगू," तो घाईने म्हणाला, मग सावरला. "म्हंजे, सांगू नका. माझा थोरला पोरगा तुमच्याकडं विचारत येईल. जमिनीवरनं त्याचं डोकं फिरलंय. त्याला कळू देऊ नका."

मी बरं म्हटलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. पण त्याने आणखी एक विचारलं.

"म्याडम, ताईला माझी भीती वाटायची का हो?"

"त्यांना सगळ्याचीच भीती वाटायची हो," मी म्हणाले. तरी त्याने फोन ठेवला नाही.