काळ्या डब्यातलं औषध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटतेय.

दुष्काळाची वर्षं होती. चिकलठाण्याकडं रोज नवी इमारत उठत होती आणि आमच्या पुंडलिकनगरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. कॅन्सरचं औषध सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवायचं, आणि गाठीवर प्रकाश टाकला की ते तिथंच सुटायचं — असं काम. अंधारात मात्र ते जराही सुटता कामा नये. सुटलं तर निरोगी शरीरातही विष पसरायचं. म्हणून नमुने काळ्या डब्यात बंद ठेवायचे.

कण धुवायला डिस्टिल्ड पाणीच लागायचं. शेवटचा एक कॅन उरला होता. तो मी घरी नेला. कशाला? केस धुवायला! मला बघायला पाहुणे येणार होते, आणि टँकरच्या पाण्यानं केस काथ्यासारखे राठ झाले होते.

मग कण मी टँकरच्याच पाण्यानं धुतले. त्यातल्या क्षारांनी घात केला — बंद डब्यात, अंधारातच औषध सुटलं. माझे मार्गदर्शक सर भडकले. डबा कुणी उघडला? आत उजेड गेलाच कसा? तोंड उघडायची वेळ तीच होती ना? मी वहीत डोकं खुपसलं.

शोभामावशी आमची लॅब झाडायच्या, कंत्राटावर. सरांनी थेट त्यांनाच धारेवर धरलं. झाडणाऱ्या बाईवर संशय घ्यायला यांना पुरावा लागतो कुठं? अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. पण सरांवर चिडणारी मी कोण?

मावशी घाबरल्या नाहीत. "म्या हात बी नाय लावला, सर. ताईला इचारा. ताई व्हती की हितंच."

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"मावशींनीच उघडला," मी म्हणाले. "मी पाहिलं."

उघडला असेल, असंसुद्धा नाही — पाहिलं! इतकं सराईत खोटं मला कधीपासून येत होतं?

मावशींना त्याच दिवशी काढलं. मला मुदत वाढवून मिळाली, पुढं पदवी मिळाली. आता मी मुलांना शिकवते की नोंदी खऱ्या ठेवा. थू!

मावशी बजाजनगरात राहायच्या. दोनदा त्यांच्या हातचं जेवलेय मी तिथं. पत्ता पाठ होता. मी गेले नाही.