तापतं ते राबतं

जिन्याखालच्या त्या इस्त्रीच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. गल्लीत कुणाला काहीही विकत घ्यायचं असलं की तो माणूस आधी तिथे येऊन उभा राहायचा. "ताई, हा कुकर घेऊ का तो?" "ताई, ही चप्पल टिकेल का?" ताई हातातली इस्त्री उभी करून ठेवायची, वस्तू हातात घ्यायची, वजन बघायची, उलटीसुलटी करून अंगठ्याने दाबायची आणि सांगायची, "ही नको. ती घे." कारण विचारलं तर वैतागायची. "कारणं हवी असतील तर दुकानदाराला विचार. त्याच्याकडे भरपूर असतात!"

पण तिने सांगितलेली वस्तू टिकायची, हे मात्र खरं. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, आणि कपडे तर सगळ्या जगाचे, तिचे असे दोन-चारच. मात्र गल्ली आपल्याला विचारते, ही एक गोष्ट तिची स्वतःची होती. त्या जोरावर ती ताठ मानेने जगत होती आणि नाकावरचा राग तितक्याच थाटात मिरवत होती.

वस्तू ओळखायची तिची पद्धत सासूकडून आलेली. इस्त्री तापली की नाही हे बघायला सासू तळहाताची मागची बाजू जवळ न्यायची, मग बोटं पाण्यात बुडवून एक थेंब उडवायची. थेंब नाचला तर इस्त्री कामाची. सासू म्हणायची, थंड इस्त्री आणि गोडबोल्या माणूस, दोघांच्याने सुरकुती निघत नाही. ताईने यातला इस्त्रीचा भाग पक्का लक्षात ठेवला. माणसाचा भाग विसरली आणि तिथेच घात झाला.

गल्लीच्या तोंडाशी कंप्युटरचं दुकान आहे ते तिच्या भाच्याचं, सख्ख्या बहिणीच्या मुलाचं. बहीण दिवसभर कामाला बाहेर असायची, त्यामुळे हा वाढला तो जिन्याखाली, लोकांच्या चादरींच्या गठ्ठ्यावर. चुरगळलेला शर्ट घालून तो एकदाही शाळेत गेला नाही. ताई आधी त्याची कॉलर कडक करायची, मग गिऱ्हाइकाचं काम हातात घ्यायची. आता तो मोठा झाला होता, भरभर बोलायचा, आणि जुन्या फोनपासून नव्या चार्जरपर्यंत सगळं विकायचा.

एकदा त्याने मावशीला दुकानात बोलावलं. कंप्युटरला एक चपटा डबा जोडलेला होता, आणि त्या डब्यात तीन छोटी यंत्रं खोचलेली. पेन ड्राइव्हची भावंडं म्हणावी अशी. एक बारीक, निळा दिवा लुकलुकणारं. दुसऱ्याच्या डोक्यावर इवलासा पंखा. तिसरं जाडजूड, पाठीवर धातूच्या पट्ट्यांची रांग.

"मावशी, यातलं एक निवड. नवशिक्या लोकांसाठी कुठलं ठेवू?"

"आधी हे करतं काय ते सांग."

"जगभर अशी यंत्रं एक कोडं सोडवत बसलेली असतात. ज्याचं सुटेल त्याला नाणं मिळतं. कंप्युटरमधलं नाणं, पण त्याचे खरे पैसे होतात."

"म्हणजे लॉटरी."

"लॉटरी कसली! लॉटरीत माणूस तिकीट घेऊन लोळत पडतो. इथे यंत्र राबतं. म्हणून तर याला खाणकाम म्हणतात."

राबतं म्हटल्यावर ताई विरघळली. राबणाऱ्याला मिळावं असं तिला मनापासून वाटायचं, कारण आयुष्यभर राबून तिला स्वतःला फारसं मिळालं नव्हतं. तिने हाताची मागची बाजू पहिल्या यंत्राजवळ नेली. कोमट. दुसऱ्याजवळ नेली तर पंख्याची झुळूक लागली. "हे स्वतःलाच वारा घालत बसलंय. कामचुकार दिसतंय." तिसऱ्याला हात लावला, आणि इतक्या वर्षांचे चटके खाल्लेला तो हातसुद्धा झटकन मागे आला.

मग सवयीने तिने भाच्याच्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि पहिल्या यंत्रावर थेंब उडवला. निळा दिवा विझला.

"मावशी! अगं काय केलंस!"

"एका थेंबात मेलं. हे काय खाण खोदणार? ते जाड ठेव. तापतं ते राबतं."

भाचा हसता हसता खाली बसला. "मावशी, तू म्हणजे सोनं आहेस गं," म्हणाला. तिला ते प्रेमाचं बोलणं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानावर मोठी पाटी लागली. 'तापतं ते राबतं! इस्त्रीवाल्या ताईंची पसंती.' ताई मुद्दाम वाट वाकडी करून ती पाटी बघून आली. खोटं कशाला बोला, तिला मूठभर मांस चढलं. आणि गल्लीला काय, ताईंची पसंती म्हटल्यावर पुढे विचारायचं काही उरतच नव्हतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने घेतलं. निवृत्त मास्तरांनी घेतलं. आणि शेवटी शिवणवाली आली.

शिवणवालीचं दुकान ताईच्या दुकानाला लागून. दोघींत एक भिंत, आणि त्या भिंतीतून पायमशीनची खडखड सतत यायची. पाय मारून मारून तिचे गुडघे कामातून गेले होते. मशीनला मोटर लावायची म्हणून ती कधीपासून पैसे बाजूला टाकत होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "ताई, मोटर घेऊ का हे घेऊ? तुझा भाचा म्हणतो, हे घेतलं तर मोटर त्यातूनच येईल."

ताईने इस्त्री उभी केली. "हे घे. मी हात लावून पाहिलंय."

शिवणवालीने लेकीच्या जुन्या लॅपटॉपला यंत्र लावलं. दिवसरात्र लॅपटॉप घुरघुरत राहिला आणि भिंतीपलीकडून खडखडही येत राहिली. मधूनमधून ती पडदा दाखवायला यायची. त्यावर एक शून्य, मग टिंब, मग शून्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी लाजत उभा असलेला एखादा आकडा.

"तापतंय ना?" ताई विचारायची.

"तापतंय गं. हात लाववत नाही."

"मग राबतंय. धीर धर."

मग विजेची बिलं आली. कंपाउंडर बिल घेऊन आला आणि ते इस्त्रीच्या टेबलावर ठेवून उभा राहिला. ताईने त्यालाही धीर धरायला सांगितलं. पण त्या रात्री तिचा स्वतःचाच धीर सुटला होता.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ती भाच्याचे शर्ट द्यायला गेली. तो फोनवर बोलत होता. शर्ट ठेवायला ती आत गेली, तर काउंटरच्या मागे तो चपटा डबा पडलेला, वायर गुंडाळलेली, आणि जाडजूड यंत्र त्यातच. तिचा हात आपोआप पुढे गेला. यंत्र थंडगार होतं. त्यावर धूळसुद्धा बसली होती.

"हे बंद का रे?"

"गिऱ्हाईक आलं की लावतो ना," फोन ठेवत तो म्हणाला.

"आणि एरवी?"

"एरवी कशाला लावू? जेवढं खोदतं त्याच्या कितीतरी पट वीज खातं. परवडत नाही गं."

घरच्या माणसाशी बोलावं तितक्या सहज तो बोलून गेला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो शर्टांच्या घड्या मोजायला लागला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला परवडत नाही? विकणाऱ्याला परवडत नाही आणि शिवणवालीला परवडतं होय रे?"

"मावशी, मी खोटं काय बोललो? खोक्यावर लिहिलंय बघ, शिकण्यासाठी. नवीन माणसाला शिकायला चांगलंच आहे ते."

"मोटर त्यातूनच येईल, हे खोक्यावर लिहिलंय?"

"येऊ शकते, असं म्हणालो मी."

"मग मला कशाला बोलावलंस निवडायला?"

त्याने मोजलेल्या घड्या पुन्हा मोजल्या. मग खाली बघत म्हणाला, "लोक तुझं ऐकतात, मावशी."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला! परक्याने फसवलं असतं तर तिने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण ज्याच्या कॉलरी कडक केल्या त्यानेच तिच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि ती शेजारणीवर झाडली. वर स्वतः शहाण्यासारखा वायर गुंडाळून बसला. परत येताना तिला आणखी एक गोष्ट कळली आणि तिचा संताप दुप्पट झाला. घ्यावं का, असं त्याने विचारलंच नव्हतं. कुठलं घ्यावं, एवढंच विचारलं होतं. समोर तीन ठेवली आणि मुळात न घेणं हे चौथं लपवलं. भाजी निवडायला बसवलेल्या बाईला आज स्वयंपाक करायचा आहे का, हे कोण विचारतं! आणि तीही बसली निवडत. इस्त्री तापते ती कापडासाठी, हे यंत्र कशासाठी तापतंय, एवढं साधं तिने विचारू नये?

ती तशीच शिवणवालीच्या दारात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शिवणवालीने ऐकून घेतलं. तेलही गेलं आणि तूपही गेलं, हे कळायला तिला वेळ लागला नाही. तिने पाय थांबवले, दोरा तोडला आणि म्हणाली, "जाऊ दे ताई. तुझा काय दोष. तुला तरी त्यातलं काय कळणार?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तुला काय कळणार, असं ताईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि शिवणवाली ते टोचून बोलली नव्हती, मायेनं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने एक तमाशा पाहिला. ताईने आपलं टेबल उचललं, थेट भाच्याच्या दुकानासमोर नेऊन मांडलं, त्याच्याच बोर्डात वायर खुपसली आणि त्याच्याच पाटीखाली गल्लीचे कपडे इस्त्री करायला घेतले. कुणी आत जायला निघालं की इस्त्री उभी राहायची.

"ते खाणीचं यंत्र बघायला आलात का? ही पाटीवरची ताई ती मीच. मीच निवडलं. घेऊ नका."

भाचा बाहेर यायचा, हात जोडायचा. "मावशी, घरी चल ना. धंदा बसेल माझा."

"बसू दे. बसून बसून गुडघे कसे जातात ते शिवणवालीला विचार."

"निदान वीज तरी..."

"परवडत नाही?"

बहिणीचा फोन आला. लोकांसमोर लेकराची अब्रू कशाला काढतेस, म्हणाली. "लेकरू म्हणे!" ताई कडाडली. "अख्ख्या गल्लीला शेंडी लावली तुझ्या लेकराने. आणि ती लावायला हात माझा वापरला!" बहिणीने फोन ठेवला तो बरेच दिवस केला नाही.

शेवटी भाचा नमला. पाटी उतरवली. ज्यांनी यंत्रं घेतली होती त्यांची परत घेतली, पैसे दिले. कंपाउंडरचे दिले, शिवणवालीच्या हातात तर ताईसमोर दिले. मास्तर तेवढे यंत्र परत करायला तयार होईनात. "मला शिकायचंच होतं," म्हणाले, आणि कोडं म्हणजे काय ते ताईला समजावून सांगायला लागले. ताईने त्यांना हाकलून लावलं.

टेबल पुन्हा जिन्याखाली आलं. भाचा स्वतः ते उचलायला आला होता. टेबल जागेवर सरकवून त्याने कपाळ पुसलं, जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहानपणी बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "झालं ना आता? सगळ्यांचं सगळं परत केलं. मिटलं ना, मावशी?"

ताई उत्तर देणार, तेवढ्यात शिवणवाली बाजारातून परतली. परत मिळालेल्या पैशांतून तिने मोटर आणली होती, ती पिशवीत होती. काखेत एक खोका होता, नव्याकोऱ्या इस्त्रीचा. शिवलेल्या कपड्यांच्या शिवणी दाबायला तिला कधीपासून हवी होती. ताईला बघून ती अडखळली, खोका पदराआड घ्यावासा वाटला तसा तिचा हात हलला. "घाईत घेऊन टाकली गं," एवढं म्हणून ती दुकानात शिरली.

ताई त्या दाराकडे बघत राहिली. पलीकडे खोका फाडल्याचा आवाज आला.

"मावशी, मिटलं ना?" भाच्याने पुन्हा विचारलं.

"ते काय होतं तिच्या काखेत?"

"कुठे काय? इस्त्री होती."

"इस्त्री होती," ताई म्हणाली. "आणि मला न विचारता घेतली."

मग तिने पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली, आपल्या इस्त्रीवर थेंब उडवला आणि कुणाची तरी चादर पुढ्यात ओढली. "ऊठ तिथून," ती भाच्याला म्हणाली, "गिऱ्हाइकाची जागा आहे ती."